बत्तीस आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ: डिस्चार्ज कार्डापासून चौथीच्या वर्गापर्यंत काय काय बघायचं

माझ्या मुलीचं डिस्चार्ज कार्ड मी लॅमिनेट करून घेतलंय. २९ आठवडे, १ किलो १५० ग्रॅम, ४६ दिवस एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. आज ती चौथीत आहे, सायकल चालवते, भांडते, गोष्टी रचून सांगते. तरी ते कार्ड माझ्या हाताशी असतं. गेल्या नऊ वर्षांत ते डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे, फिजिओथेरपिस्टपुढे आणि दीड वर्षापूर्वी शाळेतल्या बाईंपुढेही काढावं लागलं.

बाळ घरी आलं की नातेवाईक म्हणतात, "सुटलात एकदाचे. दोन वर्षांत येईल बघा बरोबरीला." वजनाच्या बाबतीत हे पुष्कळदा खरं ठरतं. पण पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मेंदूवर वळ्या पडत असतात आणि मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणारे तंतू तयार होत असतात. आपल्या बाळांचं हे सगळं काम काचेच्या पेटीत, दिव्यांच्या उजेडात, मॉनिटरच्या आवाजात झालेलं असतं. त्याचा परिणाम कधी सहाव्या महिन्यात दिसतो, कधी तिसरीच्या गणितात. म्हणून माझं सांगणं एकच आहे: दोन वर्षांनी "सगळं छान आहे" असं ऐकलं तरी फाईल बंद करू नका. मूल किमान आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत ती उघडी ठेवा.

मी डॉक्टर नाही. औषधं आणि डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. कधी काय विचारायचं आणि कुठे जायचं, हे मला ज्या क्रमाने कळायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडं आकड्यांबद्दल

३७ आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ अकाली. ३२ च्या आधीचं खूप अकाली, २८ च्या आधीचं अतिशय अकाली. हा लेख ३२ च्या आधीच्या बाळांविषयी आहे.

या बाळांपैकी १०० मागे साधारण ५ ते १० जणांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याचा आजार, होते, असं बहुतेक अभ्यासांत दिसतं. म्हणजे ९० च्या वर मुलांना ती होत नाही. बुद्ध्यंकाची सरासरी पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा १० ते १३ गुणांनी कमी येते. ही सरासरी आहे. एकेक मूल तिच्या कितीतरी वर किंवा खाली असू शकतं. लक्ष न टिकण्याची अडचण, म्हणजे एडीएचडी, या मुलांत दोन ते तीन पट जास्त आढळते. त्यातही उड्या मारणाऱ्या, धावपळ करणाऱ्या मुलापेक्षा गप्प बसून हरवून जाणारं मूल जास्त दिसतं. ते कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

हे फक्त परदेशातले आकडे समजू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळातली, जन्माला दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळं घेतली आणि त्यांच्याकडे थेट १८ वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं. बाराव्या वर्षी यांतली बरीच मुलं साध्या शाळेत जात होती, पण वाचनात आणि गणितात सोबतच्या मुलांपेक्षा मागे पडत होती. अकालीही जन्मलेली आणि त्या आठवड्यांच्या मानानेही वजन कमी असलेली मुलं सर्वांत मागे होती. म्हणून कार्डावर वजन आणि आठवडे दोन्ही बघा. "आठवड्यांच्या मानाने वजन कमी" असा शेरा असेल तर फॉलोअपमध्ये जास्त काटेकोर राहा.

पायरी १: डिस्चार्जच्या दिवशी कार्ड तिथेच बसून वाचा

घरी जायची घाई असते, बिलाची रांग असते, बाहेर गाडी उभी असते. तरी पंधरा मिनिटं काढा आणि डॉक्टरांना किंवा सिस्टरना समोर बसवून एवढं विचारा:

- डोक्याची सोनोग्राफी किती वेळा झाली, शेवटची कधी, त्यात काय दिसलं? रक्तस्राव असेल तर कोणत्या ग्रेडचा? १ आणि २ सौम्य, ३ आणि ४ गंभीर. पहिल्या आठवड्यातली सोनोग्राफी चांगली आली तरी मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या पाण्याने भरलेल्या पोकळ्या काही आठवड्यांनी दिसू शकतात. म्हणून मूळ प्रसूतीच्या तारखेच्या आसपास एकदा पुन्हा करायची आहे का, हे विचारून घ्या.
- डोळ्यांची पुढची तपासणी कोणत्या तारखेला आणि कुठे?
- कानांची कोणती चाचणी झाली?
- व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजन किती दिवस लागला? कावीळ किती वाढली होती? झटके आले होते का?
- फॉलोअपचा ओपीडी कोणत्या वारी असतो?

उत्तरं कार्डावर, वाचता येईल अशा अक्षरात लिहून घ्या. आमच्या कार्डावर 'डोळे' या शब्दापुढे एक ओळ खरडलेली होती, ती आम्हाला वाचताच आली नाही आणि कुणी वाचूनही दाखवली नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दीड महिन्याच्या लसीसाठी उपकेंद्रात गेलो. तिथल्या सिस्टरनी वजनाचा आकडा बघायला कार्ड हातात घेतलं आणि त्या थांबल्या. बोट ठेवून म्हणाल्या, "ताई, रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी, दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवा, असं लिहिलंय. ती तारीख उद्याची आहे की." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही शहरात गेलो. तिच्या डोळ्यांना लेझर लागलं नाही. पण लागलं असतं तर? तो विचार आजही मला स्वस्थ बसू देत नाही.

पायरी २: वय दोन प्रकारे मोजा

४० मधून जन्माचे आठवडे वजा करा. आमचे ४० वजा २९, म्हणजे ११ आठवडे. जन्मापासूनच्या वयातून हे ११ आठवडे वजा केले की करेक्टेड वय निघतं. मान धरणं, बसणं, बोलणं, वजन-उंचीचे तक्ते, वरचं अन्न सुरू करणं, हे सगळं दोन वर्षांपर्यंत करेक्टेड वयाने बघायचं. लसी मात्र जन्मतारखेनेच द्यायच्या. बाळ लहान दिसतं म्हणून लस पुढे ढकलणं ही फार मोठी चूक आहे, कारण संसर्गाचा धोका याच बाळांना जास्त असतो.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी प्रत्येक महिन्यात दोन तारखांना गोल केले होते: १८ ला निळा, ३ ला लाल. १८ नोव्हेंबर तिची जन्मतारीख, ३ फेब्रुवारी पोटातल्या हिशोबाची. "अजून बसत नाही?" असं कुणी विचारलं की मी लाल गोलाकडे बघायचे.

पायरी ३: डोळे आणि कान, इथे एक दिवसही घालवू नका

पूर्ण वाढ होण्याआधी बाळ जन्मलं की डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट असतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जाऊन निसटतो आणि नजर कायमची जाऊ शकते. याला आरओपी म्हणतात. बाहेरून काहीही दिसत नाही, बाळ रडत नाही, डोळा लाल होत नाही. आपल्या देशातल्या नियमानुसार ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांआधीचं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच.

तपासणी एकदा झाली म्हणजे संपली असं नाही. रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचल्या, असं डॉक्टर स्पष्ट सांगेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी जावं लागतं. उपचार लागला तर तो दोन-तीन दिवसांतच करावा लागतो, "पुढच्या पगाराला बघू" म्हणण्याइतका वेळ नसतो. आरओपीतून सुटलेल्या मुलांनाही पुढे चष्मा, तिरळेपणा, एका डोळ्याचा आळशीपणा यांचा धोका जास्त असतो. म्हणून वर्षाच्या आसपास आणि मग शाळेत घालेपर्यंत दरवर्षी डोळे दाखवा.

कानांचं थोडक्यात. एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला नुसती ओएई चाचणी पुरत नाही. त्यात कानातला आतला भाग तपासला जातो, पण आवाज नसेतून मेंदूपर्यंत जातो का हे कळत नाही. त्यासाठी एबीआर किंवा बेरा म्हणतात ती चाचणी करून घ्या. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र किंवा उपचार सुरू, असा हिशोब ठेवा, महिने करेक्टेड वयाचे. चाचणी चांगली आली तरी बोलायला उशीर होत असेल तर पुन्हा करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था खास याच कामासाठी आहे.

पायरी ४: पहिलं वर्ष, बाळाचं अंग वाचायला शिका

आईचा हात दिवसातून दहा वेळा बाळाच्या अंगावर फिरतो. डॉक्टरांना दहा मिनिटांत जे दिसणार नाही ते तिला लंगोट बदलताना कळतं. फक्त काय बघायचं ते माहीत हवं.

लंगोट बदलताना मांड्या सहज उघडतात की दर वेळी जोर लावावा लागतो? करेक्टेड चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट आणि अंगठा मुठीच्या आत राहतो का? कडेवर घेतलं की बाळ धनुष्यासारखं मागे ताणतं का? काखेत धरून उभं केलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, टाचा टेकत नाहीत, असं होतं का? वर्षाच्या आतच ते सगळं एकाच हाताने घ्यायला लागलं आहे का? लोक कौतुकाने म्हणतात, "डावरी होणार वाटतं." पण वर्षाच्या आत एक हात वापरणं म्हणजे दुसरा हात कमी चालतोय, अशी शंका घ्यायची असते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ताठपणात. आमच्या शेजारच्या काकू म्हणायच्या, "किती गं ताकद हिच्या पायात, आत्तापासून उभी राहते!" ती ताकद नव्हती, स्नायूंचा कडकपणा होता. अकाली जन्मलेल्या पुष्कळ बाळांत असा कडकपणा पहिल्या वर्षात येतो आणि वर्ष-दीड वर्षात हळूहळू सुटतो, माझ्या मुलीचा तसाच सुटला. काहींचा सुटत नाही. कोणाचा सुटेल हे घरी बसून कळत नाही, म्हणून दाखवायचंच.

करेक्टेड तीन ते पाच महिन्यांत बाळाच्या हातापायांच्या बारीक, नाचऱ्या हालचाली बघून आणि हॅमरस्मिथ नावाची तपासणी करून प्रशिक्षित डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट सेरेब्रल पाल्सीचा धोका सांगू शकतात. पूर्वी "दोन वर्षं थांबा, मग बघू" म्हणायचे. आता थांबायचं कारण नाही. धोका दिसला की व्यायाम सुरू करतात, पक्क्या निदानाची वाट बघत नाहीत. तुम्हाला कुणी नुसतं थांबायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

लक्षात ठेवायच्या मर्यादा, सगळ्या करेक्टेड वयाने: चार महिन्यांपर्यंत मान धरायला हवी, नऊपर्यंत आधाराशिवाय बसायला हवं, अठरापर्यंत चालायला हवं. याच्या आधी झालं तर आनंदच.

घरी काय करायचं, यावर माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे.

कांगारू पद्धतीने छातीशी धरणं घरी आल्यावरही चालू ठेवा. आईच नव्हे, बाबा, आजी, कुणीही. बाळ साधारण अडीच किलोचं होतं किंवा स्वतःच वळवळून बाहेर यायला बघतं, तोपर्यंत. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली. तिथे अशी वाढवलेली मुलं वीस वर्षांची झाल्यावर पाहिली तेव्हा त्यांच्यात अतिचंचलपणा आणि आक्रमकपणा कमी दिसला, शाळा बुडवण्याचं प्रमाणही कमी होतं. बिनखर्चाचं एवढं मोठं औषध दुसरं नाही.

झोळीत झोपवू नका. झोळीत अंग गोळा होतं आणि हनुवटी छातीवर टेकून श्वासाला अडथळा येतो. सपाट, टणक गादीवर उताणं झोपवा. जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, दिवसातून चार-पाच वेळा थोडा वेळ पालथं घाला. सुरुवातीला तुमच्या छातीवरच घाला, चेहरा बघायला ते मान उचलतं.

मालिश हलक्या हाताने खुशाल करा. पण मालिशवाल्या मावशींना पाय डोक्याला लावणं, हात ओढून उलटसुलट करणं, उलटं धरणं यातलं काहीही करू देऊ नका. नाकाकानात तेल नको. शेक-धुरी अजिबात नको. ज्या फुप्फुसांनी आठवडेच्या आठवडे ऑक्सिजन घेतला त्यांना ओव्याचा धूरही धूरच असतो. वर्षाच्या आत मध चाटवू नका, गुटी उगाळू नका. हे सासूबाईंना सांगणं मला जड गेलं. शेवटी मी त्यांना फॉलोअपला सोबत नेलं आणि डॉक्टरांनीच समजावलं. नंतर गल्लीतल्या बायकांना धुरी बंद करायला त्याच सांगायच्या.

चाकांचा, आत बसवायचा वॉकर घेऊ नका. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत राहतं, कडक पायांना तर ते फारच वाईट. मूल स्वतः उभं राहायला लागल्यावर आपला लाकडी पांगुळगाडा चालतो, कारण त्यात ते स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. तरी फिजिओथेरपिस्टना एकदा विचारा.

वरचं अन्न करेक्टेड वय, मानेवरचा ताबा आणि बाळाची घास गिळायची तयारी बघून सुरू करतात. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब पहिलं वर्षभर चुकवू नका. पोटातल्या शेवटच्या महिन्यांत जमणारा लोहाचा साठा आपल्या बाळांना मिळालेलाच नसतो आणि लोह कमी पडलं की मेंदूचंच नुकसान होतं.

पायरी ५: एक ते तीन वर्षं, कान भाषेकडे

चालायला लागलं की घर निश्चिंत होतं, फॉलोअप सुटतो. बोलण्यातल्या अडचणी नेमक्या याच काळात दिसतात. करेक्टेड दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि "आई दे", "बाबा गेले" अशी दोन शब्दांची जोडणी यायला हवी. नावाने हाक मारल्यावर बघतं का, बोट दाखवून तुम्हाला काही दाखवतं का, खोटं खोटं जेवू घालतं का, हेही बघा. ही मुलं स्वमग्न असण्याचं प्रमाण जास्त आहे, म्हणून दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान त्याची प्रश्नावली भरून घ्यायला सांगा.

मोबाईल दोन वर्षांपर्यंत हातात देऊ नका. भाकरी करताना पीठ, पाणी, परात, गरम असं बोलत राहा. मूल उत्तर देत नसलं तरी बोला.

करेक्टेड १८ ते २४ महिन्यांत एकदा सविस्तर विकास चाचणी करून घ्या. आपल्याकडे डॅसी ही चाचणी बरीच वापरतात. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या मुलांवरून तिची मोजपट्टी तयार केली, त्यामुळे ती भारतीय घरातल्या मुलांना लागू पडते. काही ठिकाणी बेली चाचणी करतात. आकडा चांगला आला तर समाधान माना. पण दोन वर्षांच्या मुलाला बेरीज, वाचन, वेळेत काम उरकणं यातलं काहीच करायचं नसतं, त्यामुळे तिथल्या अडचणी या चाचणीत दिसत नाहीत.

पायरी ६: शाळा

माझी स्वतःची चूक इथे झाली, म्हणून जरा थांबून लिहिते.

पहिलीच्या प्रवेशासाठी आपल्या राज्यात ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण होतात का, हे बघतात. माझी मुलगी १८ नोव्हेंबरची, म्हणून २०२२ च्या जूनमध्ये पहिलीत बसली. पोटात पूर्ण दिवस राहिली असती तर ३ फेब्रुवारीची झाली असती आणि एक वर्ष मागच्या वर्गात बसली असती. म्हणजे वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी ती, त्यातही अकरा आठवडे कच्ची. हा हिशोब तेव्हा माझ्या डोक्यातच आला नाही. तुमचं बाळ ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं असेल आणि मूळ तारीख जानेवारीतली किंवा त्यानंतरची असेल, तर बालवाडीत घालतानाच वर्षभर थांबायचा विचार करा. ३१ डिसेंबरचा नियम कमीत कमी वयाचा आहे, त्या वर्षी घातलंच पाहिजे असा नाही. थांबल्याने सगळं सुटतं असंही नाही, पण मुलाला दमायला तरी होत नाही.

तिसरीत बाईंनी वहीत शेरा दिला: "हुशार आहे, पण लक्ष देत नाही." त्या रात्री मी तिच्यासोबत बसले. गणित होतं ४७ अधिक ३८. सात आणि आठ पंधरा, तिने मोठ्याने म्हटलं, पाच लिहिले. "हातचा?" मी विचारलं. "एक," ती म्हणाली. मग चार आणि तीन मोजायला बोटं उघडली आणि तेवढ्यात हातचा गेला. उत्तर ७५. तीनदा केलं, तीनदा ७५. तिला बेरीज येत होती, हातच्याचा अर्थही कळत होता. पण एक आकडा डोक्यात धरून दुसरं काम करायचं, तेवढंच जमत नव्हतं.

खूप अकाली जन्मलेल्या मुलांची हीच जागा सर्वांत दुखरी असते: काम करता करता लक्षात ठेवणं, वेग, आणि डोळ्यांनी बघून हाताने करणं. शाळेत ते असं दिसतं: फळ्यावरचं उतरवून घेताना अर्धं राहतं. "वही काढा, पान वीस उघडा, तारीख लिहा" यातलं पहिलंच ऐकू येतं. शाब्दिक गणितं अडतात. बूट-नाडी, बटणं, कात्री यांना वेळ लागतो. मधल्या सुट्टीत एकटं राहतं, लवकर घाबरतं.

पाच वर्षांच्या सुमारास, पहिलीआधी, बालमानसतज्ज्ञांकडून एकदा बुद्धी आणि लक्ष यांची चाचणी करून घ्या. दुसरी-तिसरीत, आठ वर्षांच्या आसपास, वाचन-लेखन-गणिताची चाचणी. अध्ययन अक्षमता असेल तर ती पक्की त्याच वयात कळते. ब्रिटनमध्ये शिक्षकांना विचारलं तेव्हा अकाली जन्माच्या परिणामांबद्दल त्यांना फार कमी माहिती असल्याचं दिसलं. आपल्या शिक्षकांना ती कुणी दिली असणार? म्हणून ती आपणच द्यायची. मी बाईंना दिलेली चिठ्ठी अशी होती, हवी तर तशीच वापरा:

"सप्रेम नमस्कार. माझी मुलगी ११ आठवडे आधी जन्मली आहे. तिला समजतं, पण एका वेळी अनेक गोष्टी लक्षात ठेवणं आणि भराभर लिहिणं जड जातं. कृपया तिला पुढच्या बाकावर बसवावं, एका वेळी एकच सूचना द्यावी, उतरवून घ्यायला थोडा जास्त वेळ द्यावा. गणितात हातचा लिहायला वर चौकट आखू द्यावी. चाचणीचा अहवाल आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत सोबत जोडली आहे."

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "हे मला जूनमध्ये सांगायचं होतंत हो." दुसऱ्या दिवसापासून वहीत प्रत्येक बेरजेवर छोटी चौकट दिसायला लागली. घरी आम्ही मण्यांच्या दहा-दहाच्या माळा केल्या, नाणी मोजली, पाढे जिना चढता चढता म्हटले. अभ्यास वीस मिनिटं, मग उठायचं. मार्क फार वाढले नाहीत. पोटात दुखतंय म्हणून शाळेला न जाणं मात्र बंद झालं.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयातून मिळालं तर राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, गणितासाठी कॅल्क्युलेटर यांसारख्या सवलती मिळतात. नववी-दहावीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा आधीच काढून ठेवा.

पायरी ७: पैसे नसले तरी कुठे जायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा. त्याच कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा आणि श्रवण तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ एकाच छताखाली आणि मोफत मिळावेत, हा त्यामागचा हेतू. अंगणवाडीत पथक येईल याची वाट बघू नका, कार्ड घेऊन थेट जा.

आशाताई घरी येतात तेव्हा बाळ अकाली आहे हे त्यांना आवर्जून सांगा. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून यशस्वी करून दाखवली. त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभर आशाताईंच्या कामात ती उतरली.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता हे तिन्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतात. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, काढा. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी 'निरामय' योजनेत एक लाखापर्यंतचं विमासंरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात.

आणि तुमच्यासाठी. एनआयसीयूच्या दारात घालवलेले दिवस अंगात राहतात. मॉनिटरसारखा आवाज कुठे आला की छातीत धस्स होणं, रात्री उठून बाळाचा श्वास बघत बसणं, कशातच मन न लागणं. हे आईला होतं, बाबांनाही होतं, बाबा बोलत नाहीत. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. फोन करा. मी तो बाळ झाल्यावर सहा वर्षांनी केला, फार उशिरा.

पायरी ८: मोठं झाल्यावर

अकाली जन्मलेल्या मुलांचा रक्तदाब पुढे जास्त राहण्याकडे कल असतो आणि फुप्फुसांची ताकद थोडी कमी असू शकते. म्हणून वर्षातून एकदा लहान मुलांच्या पट्ट्याने बीपी मोजायला सांगा. घरात कुणीही सिगारेट-बिडी ओढू नये. खेळायला पाठवा, विशेषतः पोहायला. मूल कळतं झालं की त्याच्या जन्माची गोष्ट त्याला सांगा. मोठेपणी कोणत्याही डॉक्टरांपुढे "मी एकोणतीस आठवड्यांची आहे" हे तिचं तिला सांगता आलं पाहिजे.

माझ्या मुलीला ती गोष्ट पाठ आहे. मध्यंतरी तिने कपाटातलं कार्ड काढून त्यावरचे पावलांचे ठसे स्वतःच्या अंगठ्याशी मापून पाहिले. अख्खं पाऊल अंगठ्यापेक्षा जरासंच मोठं. नोव्हेंबरच्या पानावर तिनेच पेन्सिलने लिहून ठेवलंय: बीपी, चष्म्याचा नंबर, उंची.